चावी उपुलच्या खिशात

आमची गाडी जपानहून आलेली, सेकंडहँड. पण माझा नवरा उपुल ती अशा थाटात दाखवायचा, जणू तिथल्या कारखान्यात उभं राहून त्यानेच ती बनवून घेतली होती. सगळ्यात जास्त कौतुक चावीचं. चावी कसली, काडेपेटीएवढा काळा ठोकळा. तो खिशात असला की झालं. दाराच्या मुठीला हात लावला की दार उघडतं, आत बसून ब्रेकवर पाय ठेवला आणि बटण दाबलं की गाडी तयार. हायब्रिड असल्यामुळे घरघर नाही, थरथर नाही. घरी कुणी आलं की उपुल आधी त्याला अंगणात न्यायचा, जादूगारासारखे रिकामे हात दाखवायचा आणि दार उघडायचा. माझ्या भावाने एकदा विचारलं, "आणि चावी हरवली तर?"

"खिशातून काढायचीच नाही, तर हरवेल कशी?" उपुल म्हणाला.

माझ्या सासूबाई, सोमलता अम्मा, हा खेळ ओसरीवरून बघायच्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागायच्या. सासरे गेल्यावर त्या हंबनतोट्याचं घर बंद करून आमच्याकडे महारगमला राहायला आल्या होत्या. कमी बोलायच्या. गुडघ्यांमुळे गाडीत त्यांना पुढे बसवायचो आणि मी मागे. उपुलने त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अम्मा, हे सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. कशाला हात लावू नकोस." त्यांनी हात मांडीवर ठेवले ते पुढे कायम तसेच.

सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून त्यांच्या वर्षदानासाठी आम्ही गावी निघालो होतो. विहारातल्या भंतेंना दुपारचं जेवण दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, त्यासाठी म्हशीचं दही हवं होतं. अंबलनतोटच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दह्याच्या टपऱ्या लागतात. मडकी शिंक्यांत टांगलेली, शेजारी काकवीच्या बाटल्या. उपुलने अशाच एका टपरीपुढे गाडी घेतली. बाहेर ऊन असं की डांबर चमकत होतं.

"अम्मा, तू बस आतच. एसी चालू ठेवतो."

"मला शहाळं पाहिजे," अम्मा म्हणाल्या. पलीकडे, मोठ्या झाडाखाली, पिवळ्या शहाळ्यांचा एक गाडा उभा होता.

"आधी दही, मग शहाळं. आलोच."

तो उतरला तशी गाडी टीं टीं टीं करून ओरडली. चावी बाहेर चालली म्हणून ती ओरडते. उपुलने मागे न बघता हात हलवला, पाळलेल्या कुत्र्याला गप्प करावं तसा.

टपरीवाली नंदावती म्हणाली, "दानाला नेताय? मग ही बाहेरची नका नेऊ, कालची आहेत. मागे या, सकाळची दाखवते." आम्ही तिच्यामागून घराच्या परसात गेलो. शेजारी भाताची गिरणी धडधडत होती. बोललेलं ऐकू येईना, उपुल आणि नंदावती एकमेकांना बोटांनी मडकी दाखवत होते. तिने एकेक मडकं कलतं करून दही कसं घट्ट लागलंय ते दाखवलं, तोंडाला कागद बांधले, सुतळीने शिंकी केली. मग आग्रहाने गुळाचा खडा आणि कोरा चहा दिला. घाई कशाला करायची? अम्मा थंडगार गाडीत बसल्या होत्या.

दोन्ही हातांत मडकी घेऊन आम्ही पुढे आलो, आणि गाडी नव्हती.

मला आधी वाटलं आपण दुसऱ्याच टपरीपुढे आलो. उपुल तर रिकाम्या जागेकडे बघत चालतच राहिला, गाडीच्या दारापर्यंत जावं तसा, आणि गाडीचं दार जिथे असायला हवं होतं तिथे थांबला. मडकी हातातच. मग त्याने ती खाली ठेवली, खिशात हात घातला आणि काळा ठोकळा बाहेर काढला.

"चावी माझ्याकडे आहे," तो म्हणाला. मला नव्हे, त्या जागेला. "वासंती, चावी माझ्याकडे आहे ना?"

"अम्मा कुठेयत?" मी ओरडले.

तेव्हा मला चप्पल दिसली. अम्मांची एक पांढरी चप्पल, उलटी, डांबरावर. तिच्या बाजूला रक्त होतं. थेंब नव्हेत, शिंतोडे उडालेले, आणि त्यांतूनच चाकाचा एक पट्टा गेलेला. माझ्या हातातलं मडकं सुटलं. ते फुटल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पायांवर गार काहीतरी आलं एवढंच कळलं.

रक्ताची रेघ रस्ता ओलांडून शहाळ्यांच्या गाड्यापर्यंत जात होती. गाड्याजवळ कुणी नव्हतं. एक शहाळं अर्धवट तासलेलं पडलं होतं आणि त्याच्या शेजारी कोयता. कोयत्याच्या पात्याला रक्त, मुठीला रक्त, खाली वाळूत रक्ताचं थारोळं. उपुल तिथेच मातीत बसला. पांढरी पँट, पांढरा सदरा, तसाच. मी त्याला गदागदा हलवलं तरी त्याचे डोळे कोयत्यावरच.

"जिनदासचा कोयता," नंदावती माझ्या मागे पुटपुटली. "पण जिनदास असा नाही हो. त्याला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही."

पोलीस चौकी जवळच होती. नंदावतीने फोन केला आणि सार्जंट वीरक्कोडी जीप घेऊन आले. जाडसर, घामेजलेले, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारे. त्यांनी रक्त बघितलं, चप्पल बघितली, कोयता रुमालाने उचलून जीपमध्ये ठेवायला सांगितला. सगळं शांतपणे. मग उपुलला म्हणाले, "गाडीची चावी आत राहिली होती?"

"नाही सर. माझ्याजवळ आहे." उपुलने ठोकळा पुढे केला.

"ही दुसरी असेल."

"दुसरी घरी आहे. कपाटात."

"मग गाडी नेली कशी? खांद्यावर टाकून?"

"चालू होती सर. एसीसाठी. अम्मा आत होती."

"चालू, आणि चावी तुमच्या खिशात." वीरक्कोडींनी ठोकळा उलटसुलट करून बघितला. "मी इतकी वर्षं चोऱ्या बघतोय साहेब. काच फोडतात, वायरी जोडतात. पण चावी मालकाच्या खिशात आणि गाडी आपोआप पसार, हे पहिल्यांदाच ऐकतोय." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "अम्मांच्या नावावर काही जमीनजुमला?"

मला आधी प्रश्न कळलाच नाही.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" मी म्हटलं.

"मी काही म्हणत नाही बाईसाहेब. विचारतोय. तुम्ही दोघं, एक म्हातारी बाई, गाडी गेली तेव्हाचा साक्षीदार कोणी नाही. आणि गाडी गेली म्हणता ती चावीशिवाय."

"गावचं घर आहे तिच्या नावावर," उपुल खाली मान घालून म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि तेव्हा तर सुचलंही नसतं.

"अच्छा," वीरक्कोडी म्हणाले.

उपुलने दिलानला फोन लावला. दिलान म्हणजे ज्याने ही गाडी आणून दिली तो. फोन स्पीकरवर होता. उपुलने कसंबसं सांगितलं. पलीकडून दिलान म्हणाला, "मच्चान, यार, चालू गाडी चावीशिवाय जाते की. चावी फक्त सुरू करायला लागते. एकदा सुरू झाली की चावी दूर गेली तरी ती नुसती ओरडत राहते, थांबत नाही. भर रस्त्यात चावीची बॅटरी संपली म्हणून गाडी बंद पडली तर माणसं मरतील ना?"

"हे तू मला सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस. तू तर सगळ्यांना शिकवत होतास! पण ऐक, घाबरू नकोस. चोराने गाडी एकदा बंद केली की परत चालू होणार नाही. जिथे बंद करेल तिथेच अडकेल."

दिलानने ते धीर देण्यासाठी सांगितलं. पण ते ऐकून उपुलच्या चेहऱ्यावर उरलंसुरलं रक्तही राहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढेही तेच चित्र आलं. कुठेतरी आडरानात बंद पडलेली गाडी, चवताळलेला माणूस, आणि शेजारच्या सीटवर जखमी अम्मा, हात मांडीवर. मी तिथेच, पोलिसांसमोर, मोठमोठ्याने रडायला लागले. नंदावतीने मला धरलं. वीरक्कोडींनीही टोपी काढली आणि केसांतून हात फिरवला. आमच्यावरचा त्यांचा संशय थोडा हलला असावा, पण मला त्याचं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या जीपमधला हवालदार फोन कानाला लावून पळत आला. "सर, सरकारी इस्पितळातून. म्हणतात एक गाडी अपघात विभागाच्या दारातच आडवी लावलीय. रुग्णवाहिका आत घेता येत नाही. गाडी चालूही होत नाही आणि ढकलताही येत नाही. माणूस पाठवा म्हणतात."

"नंबर विचार."

नंबर आमचाच होता.

"चालवणारा कुठंय? पकडून ठेवा म्हणावं."

हवालदाराने विचारलं. मग फोन कानापासून थोडा लांब धरला, जणू त्यातून नीट ऐकू येत नव्हतं. "सर, ते म्हणतात चालवणारी एक म्हातारी आहे. बाकावर बसलीय. चावी मागितली तर म्हणते, चावी मुलाच्या खिशात."

गिरणी तेवढी धडधडत होती.

"माझ्या आईला गाडी येत नाही," उपुल म्हणाला. "काहीतरी चूक आहे. तिला स्कूटरची भीती वाटते. ती लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नाही."

"जीपमध्ये बसा," वीरक्कोडी म्हणाले.

इस्पितळाच्या दारात आमची गाडी तिरकी उभी होती, नाक थेट पायऱ्यांत. डावा आरसा लोंबत होता. चार वॉर्डबॉय मागून जोर लावत होते आणि ती तसूभर हलत नव्हती. मागच्या सीटवर, उपुलने ज्याच्यावर कधी बिस्किट खाऊ दिलं नव्हतं त्या फिकट कापडावर, रक्तच रक्त. उपुल जवळ गेला, मुठीला हात लावला, आणि दार अगदी नेहमीसारखं उघडलं. तो आत बसेना. दार उघडं धरून तसाच उभा राहिला. शेवटी एक नर्स खेकसली, "अहो, बघता काय? काढा ती आधी!" तेव्हा त्याने बटण दाबलं आणि गाडी बाजूला घेतली.

अम्मा आत व्हरांड्यात बाकावर होत्या. एक पाय अनवाणी, दुसऱ्यात चप्पल. पांढऱ्या साडीचा पदर फाडलेला आणि उरलेली साडी छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल. मी किंकाळीच फोडली.

"माझं नाही गं," त्या म्हणाल्या. "जिनदासचं आहे. कोयता मनगटावर बसला त्याच्या. कारंज्यासारखं उडत होतं. मी पदर आवळून बांधला. आता आत टाके घालतायत. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर गेला असता."

"पण आम्हाला हाक मारायची!" मी म्हटलं.

"मारल्या की. त्या गिरणीत कुणाला ऐकू येणार? रस्त्यावर हात केला, दोन गाड्या बघून निघून गेल्या. तुम्हाला शोधायला मागे आले असते, तर तो तिथेच संपला असता."

उपुल त्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "अम्मा, गाडी कोणी आणली?"

"मी."

"कोणी?"

"मी रे, पुता. सारखी ओरडत होती ती, चावी नाही, चावी नाही म्हणून. मी म्हटलं ओरड. आरसा मात्र फाटकाला लागला. तुझी गाडी दिसते त्यापेक्षा रुंद आहे."

"तुला गाडी कुठे येते?"

"तुझ्या या गाडीत येण्यासारखं आहे काय? दोन तर पेडल. ना क्लच, ना गियर. लॉरीपुढे हे खेळणं."

"कुठली लॉरी?" उपुलचा आवाज चिरकला.

अम्मांनी वीरक्कोडींकडे बघितलं, मग माझ्याकडे. सांगावं की नाही याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्या ओठ मिटून राहिल्या असत्या, तर आम्हाला आजही काही कळलं नसतं.

"तुझ्या अप्पांची," त्या म्हणाल्या.

माझे सासरे, पियदास, मिठागरात लॉरी चालवायचे. हे सगळ्या गावाला माहीत होतं. उभ्या आयुष्यात एक ओरखडा न पाडलेला ड्रायव्हर, हे उपुल लग्नात, बारशात, दुखवट्यात, सगळीकडे सांगायचा. उद्या भंतेंसमोरही तेच सांगणार होता.

"तू शाळेत जायला लागलास, तेव्हाच त्यांचे डोळे गेले होते," अम्मा म्हणाल्या. "म्हणजे पूर्ण नाही. मधोमध काळं आणि कडेने धूसर. मिठावरचं ऊन त्यांना सोसायचं नाही. नोकरी गेली असती तर खायचं काय? त्यांनीच मला शिकवलं, सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या आगरात. मिठागरात सगळेच तोंडाला फडकं बांधतात, टोपी घालतात. मी त्यांचा शर्ट घालायचे. ते शेजारी बसायचे, क्लीनर म्हणून. आगरातून कोठारापर्यंत, कोठारातून आगरापर्यंत. मोठ्या रस्त्यावर जायचंच नसायचं. मुकादमाला ठाऊक होतं, तो भला माणूस. बाकी कुणाला नाही."

"किती दिवस?"

"तुला बँकेत नोकरी लागेपर्यंत."

उपुल मागच्या भिंतीला टेकला. मला वाटलं तो रडेल, नाहीतर अम्मांच्या पाया पडेल. तो भडकला. "आणि मला सांगितलं नाहीस? मी जगभर सांगत फिरलो, माझे अप्पा, माझे अप्पा! तू समोर बसून ऐकत होतीस. हसत होतीस मनात?"

"त्यांनी शपथ घातली होती. मुलाला कळू द्यायचं नाही."

"ते जाऊन वर्ष झालं!"

"मग? मेल्यावर माणसाला लाज नसते?"

वीरक्कोडींनी घसा खाकरला. इतका वेळ ते दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. "अम्मा, लायसन्स आहे का?"

"कसलं लायसन्स, साहेब?"

"गाडी चालवायचं."

"ते त्यांच्या नावावर होतं."

सार्जंट एकदा हसले आणि मग हसलो कशाला असं वाटून त्यांनी चेहरा घट्ट केला. नोंद तर करावीच लागणार, म्हणाले. कोर्टात यावं लागेल. इस्पितळाचं फाटकही खरचटलंय. मग जाता जाता उपुलजवळ थांबले. "जमिनीचं विचारलं ते मनात धरू नका साहेब. खिशातली चावी दाखवून माणूस गाडी गेली म्हणतो, तेव्हा कुणालाही तसंच वाटेल."

जिनदास वाचला. दोन बोटं हलत नाहीत, म्हणून शहाळी आता त्याची बायको तासते आणि तो पैसे घेतो. कोर्टात न्यायाधीशबाईंनी अम्मांना समज दिली, दंड केला आणि पुन्हा गाडीला हात न लावण्याबद्दल बजावलं. अम्मा म्हणाल्या, "मला हौस नाही." दान मात्र इस्पितळाच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी झालं होतं, ठरल्याप्रमाणे. भंतेंनी पुण्य पियदासांना अर्पण करायला सांगितलं तेव्हा उपुलने बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच मिटलं. लोकांना वाटलं, बापाच्या आठवणीने गहिवरला.

तो अम्मांशी कितीतरी दिवस बोलला नाही. राग होता की भीती, मलाही सांगता येणार नाही. जेवताना त्यांच्याकडे असा बघायचा, जणू घरात कुणी अनोळखी बाई राहायला आलीय आणि तिचं नाव विचारायचं राहून गेलंय. पाहुण्यांना गाडी दाखवणं बंद झालं. सीट धुऊन आणली, तरी एका कोपऱ्यात पिवळट डाग राहिला आणि त्याने तो घालवण्याचा प्रयत्न केला नाही.

मग एका रविवारी मी आणि अम्मा ओसरीत फणसाचे गरे काढत होतो. तो येऊन पायरीवर बसला. हाताला तेल लावून गरे काढायला लागला.

"अम्मा," तो म्हणाला, "तू चालवायचीस तेव्हा अप्पा काय करायचे?"

"काय करणार? बोलायचे."

"काय?"

"विचारायचे. डावीकडे काय दिसतं, आज पाण्यात पक्षी किती आहेत, समुद्र कसा आहे. मी सांगायचे."

"रोज?"

"रोज. आता रोज काय वेगळं दिसणार तिथे? मीठच की." अम्मांनी बी बाजूला टाकली. "मग मी काहीतरी रचून सांगायचे. आज हत्तीण पिल्लाला घेऊन बांधावर आली. आज एका होडीला लाल शीड आहे. कधी कधी तर मला स्वतःलाच हसू यायचं, इतकं खोटं."

"त्यांना कळायचं नाही?"

"कळायचं. हत्ती आला असता तर लोक ओरडले नसते?" त्या म्हणाल्या. "तरी दुसऱ्या दिवशी परत विचारायचे, काल पिल्लू होतं ते आज आलं का."